वनमाला चालवते, मी मागे बसतो

रायपुर
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय निरंजन,

सप्रेम जय भीम. सुनंदालाही सांग. फोन सोडून दादा पत्र काहून लिहून राहिला, असं वाटून घाबरू नको. आम्ही दोघंही बरे आहोत. म्हणजे तुझ्या वहिनीच्या कोपराला पट्टी आहे अन् माझा गुडघा वांग्यासारखा झाला आहे, तेवढं सोडलं तर बरे. देवश्रीचे वडील उद्या कामानं वर्ध्याला येऊन राहिले, त्यांच्या हाती हे पाठवतो. देवश्री म्हणजे आमच्या शेजारची कॉलेजातली पोट्टी, तिच्याबद्दल पुढे येईलच.

गेल्या सोमवारी गोल बाजारात आमची स्कूटर पडली. अपर्णाला हैदराबादला फोनवर एवढंच सांगितलं की गाडी घसरली. तर लेक लगेच म्हणाली, "बाबा, आईच्या हातून गाडी काढून घ्या आधी." मला ते फार लागलं. त्या दिवशी वनमाला कशी वागली हे पाहणारे रस्त्यावर पुष्कळ होते, पण त्याचा अर्थ कळलेला माणूस मी एकटाच होतो. तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून तुला.

तुला ठाऊकच आहे, तीनेक वर्षांपूर्वी मी गाडी चालवणं सोडलं. कंबर. वॅगनच्या कारखान्यात उभा जन्म गेला, मग कंबर कुरकुरणारच, असं मी सर्वांना सांगितलं अन् सर्वांना ते पटलं. पण मग बँक, बाजार, विहार, सगळं अडून बसलं. वनमाला काही दिवस पायी गेली, काही दिवस ऑटोनं गेली. एक दिवस चहा गाळता गाळता म्हणाली, "मी शिकते गाडी."

मी हसलो. साठीला टेकलेली बाई, जन्मात सायकल चालवली नाही. तिनं देवश्रीला पकडलं. मग दर रविवारी आम्ही तिघं नव्या रायपुरात. तिथले रस्ते तू पाहिले आहेस, चार बैलगाड्या बाजूबाजूनं जातील एवढे रुंद, अन् सकाळी माणूस दिसत नाही. मला कडेच्या ओट्यावर बसवायचं अन् या दोघी निघायच्या. देवश्रीला आपली मराठी सगळी कळते, पण बोलते हिंदी. लांबून मला ऐकू यायचं, "आंटी, सामने देखो, मेरे को मत देखो!" अन् वनमाला म्हणायची, "तू बोलून राहिली तर तुह्याकडं पाहू नको काय?"

एकदा ती दुभाजकावरच्या फुलझाडांत घुसली. मी धावत गेलो तर केसांतली पानं काढत ही म्हणते, "हॉर्न कुठी असते ते कळलं आता." अन् पुन्हा बसली. मी अशी शिकणारी माणसं कारखान्यात फार थोडी पाहिली. चूक झाली की बहुतेक लोक आधी आजूबाजूला पाहतात, कोणी पाहिलं तर नाही. वनमाला आधी चुकीकडेच पाहते.

थोड्याच दिवसांत ती अख्ख्या पाऱ्याची, म्हणजे आमच्या मोहल्ल्याची झाली. कोणाला दवाखान्यात सोड, कोणाच्या पोरीला परीक्षेला ने. हेल्मेट घालून, पदर खोचून. पारा तिला आता नावानं ओळखतो, मला 'वनमाला दीदी के घरवाले' म्हणतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. खरं सांगतो, मागे बसून तिच्या खांद्यावरून रस्ता पाहायला मला आवडते.

आता सोमवारचं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी महिला मंडळाला पांढऱ्या साड्या पाहिजेत, त्या पाहायला आम्ही गोल बाजाराकडे निघालो होतो. सकाळची वेळ, पण तिथे कधी गर्दी नसते? वनमालाची मान शिवणकामानं आखडली आहे, डावीकडे पूर्ण वळत नाही. म्हणून आमचा रिवाज असा, की डावीकडे घ्यायचं असलं की ती विचारते अन् मी मागून पाहून सांगतो. आरसा आहे, पण आरशापेक्षा तिचा माझ्यावर जास्त भरवसा.

कापडाच्या दुकानाजवळ आलो. तिनं वेग कमी केला.

"डावीकडं कोणी हाय काय?"

मी मान वळवली, पाहिलं अन् म्हणालो, "खाली हाय, कोणी नाही, घे."

तिनं घेतलं, अन् त्याच क्षणी ई-रिक्षाचं पुढचं चाक आमच्या पायदानाला लागलं. वेग कोणाचाच नव्हता. स्कूटर हळूच, बैल बसावा तशी, उजवीकडे आडवी झाली. वनमालाचं कोपर रस्त्यावर घासलं. मी गुडघ्यावर पडलो अन् तिथेच बसून राहिलो. लागलं म्हणून नाही. ती रिक्षा कुठून आली हेच मला कळेना. लाल रंगाची, टपावर दोन झेंडे लावलेली, एवढी मोठी वस्तू आमच्या शेजारून चालली होती, अन् मी तिकडे पाहून 'खाली हाय' म्हणालो होतो.

गर्दी जमायला काय लागते. दोन जवान पोट्ट्यांनी रिक्षावाल्याला खाली ओढलं. बिचारा चाळिशीचा, काटकुळा माणूस. एकानं त्याची कॉलर धरली, "अंधा है क्या? बुजुर्ग लोग दिखते नहीं?" दुसऱ्याचा हात वर गेला होता.

तेवढ्यात वनमाला उठली. हेल्मेट डोक्यावरच, कोपरातून रक्त निघून राहिलं, साडीला रस्त्याचा काळा डाग. ती सरळ त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"हाथ मत लगाना उसको," ती म्हणाली. "वो अपने रस्ते से आ रहा था. मैंने बिना देखे काटा. गलती मेरी है."

पोट्टे गोंधळले. अपघातात आपली चूक आहे असं म्हणणारा माणूस रस्त्यावर कोणी पाहिलेला नसतो. कॉलर सुटली. मग गर्दीनं आपला राग तिच्याकडे वळवला. पान खाणारा एक जाडा माणूस म्हणाला, "इस उमर में गाड़ी चलाने का शौक काहे को, अम्मा? अंकल को चलाने दो."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. निरंजन, तेव्हा मी तोंड उघडायला पाहिजे होतं. तिनं विचारलं होतं, मी सांगितलं होतं, हे एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

वनमालानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तुरीची शेंग उघडून आत दाणा आहे की कीड, हे पाहतात ना, तसं पाहिलं. मग त्या जाड्या माणसाला म्हणाली, "मैं चलाती हूँ, ये पीछे बैठते हैं. हमारे घर में ऐसा ही है. आपको क्या तकलीफ?"

कोणीतरी हसलं, अन् गर्दी पातळ झाली. रिक्षावाल्यानं आपल्या गळ्यातला गमछा काढून तिच्या कोपराला गुंडाळला. "जादा तो नइ लागिस, दाई?" असं तो परत परत विचारत होता. ती म्हणाली, "नाही रे बाबा. तुला लागलं काय?" त्याला मराठी येत नव्हती, पण समजलं. "नइ, दाई," म्हणाला अन् त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मार खायची तयारी केलेल्या माणसाला कोणी तुला लागलं का म्हणून विचारलं, तर दुसरं काय होणार?

त्यानंच स्कूटर उभी करून दिली. वनमालानं हँडल सरळ आहे का पाहिलं, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, गाडी सुरू केली अन् मला म्हणाली, "बसा."

मी म्हटलं, "ऑटोनं जाऊ नं घरी. गाडी इथंच राहू दे."

"आज नाही बसले तर तुमी परत कधी बसणार नाही. अन् मी परत कधी चालवणार नाही. बसा."

मी बसलो. तिनं गाडी चौकातून अशी काढली, की जणू काचेचं सामान घेऊन चालली आहे. अन् घरी नाही, आधी त्याच कापडाच्या दुकानात. कोपराला परक्याचा गमछा बांधलेला, अन् ही बाई काठ लावून पाहते आहे, धुतल्यावर पिवळं पडेल काय म्हणून विचारते आहे. दुकानदारच घाबरला होता. साड्या घेऊनच आम्ही घरी आलो.

आता इथपर्यंत मी गंमत सांगितल्यासारखं लिहिलं. पुढचं लिहायला सकाळपासून बसलो आहे, मधे दोनदा उठून चहा घेतला.

घरी आल्यावर तिनं जखम धुतली, माझ्या गुडघ्याला हळद लावली. मग मला भिंतीला टेकून बसवलं अन् समोर बसली. "माह्या नाकाकडं पाहा," म्हणाली. "नजर हलवू नका."

मी पाहिलं.

"माह्या हातात काय हाय?"

"कोणत्या हातात?"

माझ्या डाव्या बाजूला तिनं पितळी तांब्या धरला होता. तिनं तो हळूहळू समोर आणला. पार माझ्या नाकासमोर येईपर्यंत मला दिसला नाही.

"कधीपासून?"

"होतील तीन-चार वर्षं."

"अन् कंबर?"

"कंबर चांगली हाय."

निरंजन, मला वाटलं आता ही रडेल. ती उठली, तांब्या जागेवर ठेवला, अन् अशी ओरडली की देवश्रीच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल. "तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या चांगल्या कमरेले रोज तेल चोळून राहिली! तेव्हा लाज नाही वाटली तुमाले?" मग मात्र ती हसायला लागली अन् हसता हसता रडायला लागली. मी पण.

मी तिला सगळं सांगितलं. गाडी चालवताना डावीकडून माणसं एकदम उगवायची, म्हणून सोडली. समोरचं स्पष्ट दिसते, पेपर वाचता येतो, म्हणून स्वतःलाच सांगत राहिलो की काही नाही, वय आहे. बोलून दाखवलं तर ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. म्हणून तिनं मागे पाहायला सांगितलं, तरी मी पाहिल्यासारखं करत राहिलो. मी तिला विचारलं, "गोल बाजारात तुले कळलं होतं?" म्हणाली, "तुमी रिक्षा पाहून जे तोंड केलं, तेव्हाच कळलं." "मग चूक तुही काहून म्हटली?" तर म्हणते, "गाडी कोणाच्या हातात होती? अन् नवऱ्याचे डोळे गेले हे काय मी त्या पान खाणाऱ्या जाड्याले सांगू?"

आता तू सांग, अशा बाईच्या हातून गाडी काढून घ्यायची?

दुसऱ्याच दिवशी तिनं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. स्कूटरवरच. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची बाजू जवळजवळ गेली आहे, उजव्याचीही नाकाकडच्या बाजूनं सुरुवात आहे. गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं थेंबांनी सांभाळता येते. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की यात दुखत नाही, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहते, म्हणून लोक उशिरा येतात. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होता का?"

मी नाही म्हणालो. वनमाला म्हणाली, "यांच्या वडिलांना विचारायला पाहिजे होतं."

तेव्हा मला बाबा आठवले. शेवटची वर्षं आठव. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. जेवायला बसताना ताटावर पाय पडायचा, अन् आई ओरडायची, "समोर पाहून चाला नं!" ते समोरच पाहत होते, निरंजन. आपण म्हातारपण म्हणालो अन् सोडून दिलं. नत्थू मास्तर म्हणून सारं गाव ज्यांना हात जोडायचं, तो माणूस शेवटी भिंत चाचपत संडासला जायचा, अन् कोणाला काही बोलला नाही. मीही तेच करून राहिलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "सख्खे भाऊ-बहीण आहेत का?" अन् हे पत्र खरं त्या प्रश्नापासून सुरू होते.

मंगळवारपासून मी तुला तीनदा फोन केला. तीनदा आपण उन्हाळ्यावर बोललो, क्रिकेटवर बोललो, तू माझ्या कमरेची चौकशी केलीस, अन् मी फोन ठेवला. वनमाला म्हणाली, "फोनवर तुमी दोघं भाऊ सगळं हसण्यावारी नेता. कागदावर हसता येत नाही. लिहा."

तर लिहितो. आम्ही दिवाळीला तुझ्याकडे आलो होतो. सुट्या लागायच्या आधीची शाळेची शेवटची फेरी संपवून तू व्हॅन अंगणात घेतलीस अन् फाटकाच्या खांबाला घासलीस. डाव्या बाजूनं. तू म्हणालास, "खांबच वाकडा हाय." सगळे हसले, मीही हसलो. पण मी नंतर एकटा बाहेर जाऊन पाहिलं. खांब सरळ होता, अन् त्यावर आधीचेही ओरखडे होते. जे माझ्या अंगावरून गेलं ते मी ओळखतो. तरी मी आत आलो अन् करंजी खाल्ली. तुला विचारलं असतं, तर तूही मला विचारलं असतंस.

कदाचित काही नसेल. कदाचित तुझा डोळा उत्तम असेल अन् तुझं लक्ष दुसरीकडे असेल. तसंच असो, असं मी रोज म्हणतो. पण भावाभावांत येणारा आजार आहे, अन् दुखत नाही म्हणून कळत नाही. एकदा तपासून घे. नुसता चष्म्याचा नंबर नाही, तो तर माझाही नीट निघत होता. बाजूची नजर तपासा म्हणावं. ती व्हॅन तुझं पोट आहे, हे मला समजते. पुढे काय करायचं ते तूच ठरव, तू जाणता आहेस.

आम्ही गुरुवारी सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे येऊन राहिलो. वनमालानं तिकीट काढूनही ठेवलं. सुनंदाला हे पत्र तूच वाचून दाखव. तिच्यापासून लपवू नको. लपवलं म्हणजे आपण एकटेच ओझं वाहतो असं आपल्याला वाटते. खरं म्हणजे ते घरातली दुसरीच कोणीतरी रोज तेल लावून चोळत असते.

तुझा,
शामदादा

पत्र पाकिटात घालण्याआधी वनमालाला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "एवढं लिहिलं, पण जे लिहायचं होतं तेच सोडलं. पेन द्या इकडं." खालचं अक्षर तिचं आहे.

भाऊजी, जय भीम.

तुमच्या दादानं माझं कौतुक लिहिलं, त्यातलं अर्धं सोडून द्या. मी पण त्या दिवशी लई घाबरली होती. त्या रिक्षाच्या जागी दप्तर घेतलेलं एखादं लेकरू असतं तर मी काय केलं असतं, हेच मनात येऊन राहिलं. दादाले लिहायची हिंमत होत नाही म्हणून मी लिहिते. हे वाचलं की लेकरांची गाडी चालवू नका. चाबी सुनंदाजवळ द्या अन् दुसरा माणूस लावा, पालकांनाही खरं काय ते सांगा. तुमाले माहा राग येईल, येऊ द्या. गुरुवारी मी स्वतः तुमच्यासंग डॉक्टरकडं येते. डोळे चांगले निघाले, तर मीच चाबी तुमच्या हातात देईन अन् पुढच्या सीटवर बसून शाळेपर्यंत येईन. नाही निघाले, तरी घरात मी हाय, सुनंदा हाय. तुमी काही एकटे नाही.

तुमची वहिनी,
वनमाला